तुला माहीत होते ना?

निवासी शाळेत एखादे मूल दगावते तेव्हा चौकशीला आलेला अधिकारी मुख्याध्यापकांना बरेच प्रश्न विचारतो, अधीक्षकांना त्याहून थोडे कमी विचारतो, आणि त्या मुलाच्या शेजारी झोपणाऱ्या मित्राला बहुधा एकच प्रश्न विचारतो : तुला माहीत होते ना? मला हा प्रश्न १९९४ साली, सातवीत असताना, विचारला गेला आणि मी मान हलवून होय म्हटले. त्याला तीन दशके होऊन गेली. आज मला मांडायचे आहे ते एवढेच, की तो प्रश्न मला विचारायचा नव्हता आणि माझ्या होकाराचा जो उपयोग करून घेण्यात आला तो करण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. आश्रमशाळांत, वसतिगृहांत आणि निवासी विद्यालयांत मुलांच्या मैत्रीवर जो भार आजही टाकला जातो, तो मोठ्या माणसांनी परत आपल्याकडे घेतला पाहिजे.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या आश्रमशाळेत चारशेच्या आसपास मुले-मुली होती. दिवसा जो वर्ग असे, त्यातच रात्री बाके भिंतीला सरकवून आम्ही झोपत असू. माझ्या मित्राच्या पत्र्याच्या पेटीची कडी तुटलेली असल्यामुळे त्याचे सामान माझ्या पेटीत असे आणि थंडीत आमच्या दोन गोधड्या एकावर एक घालून आम्ही दोघे त्यांखाली झोपत असू. दिवाळीनंतर आमच्या भागातली निम्मी घरे ऊसतोडणीसाठी गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला जात. त्याचेही आईवडील गेले होते आणि पाड्यावरचे त्यांचे घर बंद होते. डिसेंबरात त्याला ताप आला. त्याच्या आधी आजारी पडलेल्या एका मुलाला एका मोठ्या मुलाबरोबर पायी घरी पाठवून दिलेले आम्ही पाहिले होते, आणि बंद घरी जाऊन आपण काय करणार, ही त्याची भीती अगदी रास्त होती. त्याने मला सांगितले, कोणाला सांगू नकोस. मी सांगितले नाही. संध्याकाळची हजेरी आकड्यांवर होत असे; दोन संध्याकाळी मी माझ्या आकड्याला हजर म्हटले आणि चार आकडे पुढे गेल्यावर आवाज थोडा बदलून त्याच्याही आकड्याला हजर म्हटले. समोर बसून हजेरी घेणाऱ्यांनी दोन्ही दिवस मान वर करून पाहिले नाही.

तिसऱ्या रात्री तो बरळू लागला तेव्हा मी घाबरून अधीक्षकांच्या खोलीपर्यंत गेलो. दाराला बाहेरून कुलूप होते. मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी राहत असत. मी परत आलो, त्याला पाणी पाजले, गोधडी नीट केली आणि त्याच्याजवळ आडवा झालो. मला झोप लागली. सकाळी जीपने त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले आणि दुपारी तो गेल्याचे कळले. कागदावर कारण म्हणून ‘ताप’ एवढाच शब्द होता. आजार लपवला, खोटी हजेरी दिली, ह्या दोन गोष्टींची टोचणी वयाबरोबर सैल होत गेली. त्या रात्री मला झोप लागली, ही गोष्ट मात्र मी पुष्कळ वर्षे कोणाजवळही उच्चारू शकलो नाही.

हे लिहिण्याचे कारण केवळ वैयक्तिक असते तर ते माझ्यापाशीच राहिले असते. परंतु शिक्षकाच्या नोकरीमुळे गेल्या वीस-बावीस वर्षांत निवासी शाळांत वाढलेल्या अनेकांशी माझे बोलणे झाले आहे आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असा एक मित्र किंवा मैत्रीण आहे : पळून जायचे ठरवल्याचे फक्त ह्यालाच सांगून गेलेला, अंगावरच्या वळांची गोष्ट फक्त हिलाच दाखवलेली, सुट्टीनंतर परत न आलेली. ज्याला ती गोष्ट ठाऊक होती तो आज चाळिशी-पन्नाशीत आहे, नोकरी करतो, संसार करतो आणि त्या एका रात्रीचा विषय निघाला की बोलता बोलता थांबतो. एवढ्या माणसांच्या मनात एकाच प्रकारची अपराधाची भावना असेल तर तिचे मूळ त्यांच्या स्वभावात शोधून भागणार नाही. ते त्या शाळांच्या रचनेत शोधावे लागेल.

ती रचना कशी असते ते बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. आश्रमशाळेत शेकडो मुलांमागे एक अधीक्षक आणि असल्यास एक अधीक्षिका असते. धान्याचा साठा, कोठीच्या वह्या, दूध, सरपण, साबण-तेलाचे वाटप, प्रकल्प कार्यालयाचे कागद आणि अधिकाऱ्यांच्या भेटी हे सगळे त्याच एका माणसाकडे असते, आणि म्हणून लहान मुलांना आंघोळ घालणे, खरजेला मलम लावणे, रात्री रडणाऱ्याला जवळ घेणे, आजाऱ्यासाठी ताट वाढून आणणे ही कामे मोठी मुले करतात. ह्यात वाईट काही नाही. मी तर म्हणेन की आयुष्यात मला जी सर्वांत निर्मळ माया मिळाली ती त्या सतरंजीवर मिळाली, आणि तिच्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. तक्रार आहे ती ह्याची, की संस्था आपल्याकडची माणसांची टंचाई ह्या मायेच्या जोरावर भागवते, आणि जोवर ते निभते तोवर त्याला ‘आपुलकीचे वातावरण’ म्हणते. ज्या दिवशी ते निभत नाही त्या दिवशी मात्र तिला एकदम आठवते, की मुलाने मोठ्यांना कळवायला हवे होते.

पण कळवायचे कसे? निवासी शाळेतल्या मुलाजवळ स्वतःचे असे फार थोडे असते. ताट, वाटी, पेटी सगळे क्रमांकाने ओळखले जाते, आणि खऱ्या अर्थाने त्याच्या मालकीचे असते ते मित्राने सांगितलेले गुपित. ते फोडणाऱ्याला तिथे चहाडखोर म्हणतात, आणि हा शब्द मुलांनी आपल्या मनाने शोधलेला नसतो. कोणी तरी एकाने नाव सांगितले की दहा जणांना शिक्षा होते, हे रोज पाहून तो त्यांच्या तोंडी रुळतो. ज्या ठिकाणी मोठ्या माणसाकडे जाणारी प्रत्येक माहिती शिक्षेच्या रूपाने परत येते, त्या ठिकाणी गप्प राहणे हाच मुलाला समजलेला चांगुलपणा असतो. त्यात भाषेची अडचण वेगळीच. आमच्या घरी पावरी बोलत. सातवीपर्यंत पुस्तकातली मराठी मला येऊ लागली होती, परंतु भीती, ग्लानी, अंगातली कणकण ह्यांसाठी माझ्याजवळ मराठी शब्द नव्हते, आणि आमच्या अधीक्षकांना पावरी येत नव्हती. आजही अनेक आश्रमशाळांत पहिलीतले मूल पोटात दुखते हे ज्या भाषेत सांगू शकते, ती भाषा त्याची काळजी वाहणाऱ्या एकाही मोठ्या माणसाला येत नसते.

महाराष्ट्रात ‘बोर्डिंग’ ह्या शब्दाला मोठी पुण्याई आहे आणि ती खरी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात १९०१ सालापासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, आणि ज्यांच्या घराण्यात कोणी अक्षर गिरवले नव्हते अशी मुले त्या वसतिगृहांतून शिकून बाहेर पडली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे बोर्डिंग काढले, ते तर सर्व जातिधर्मांच्या मुलांनी एका पंगतीत जेवण्याचे होते. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडायला दिले, ही गोष्ट आपण शाळाशाळांतून सांगतो. त्यागाची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, आणि तसे सांगणे योग्यच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या बोर्डिंगात रात्री कोण जेवले आणि कोण उपाशी झोपले हे माहीत असणे ही एका मोठ्या बाईने आपली जबाबदारी मानली होती. ती तिने दहा वर्षांच्या मुलावर सोपवलेली नव्हती. पुढे ह्या परंपरेतून इमारती, अनुदान आणि पटसंख्या आपण घेतली, आणि लक्ष्मीबाईंच्या जागी मात्र कोणाला नेमलेच नाही.

ह्याचे परिणाम आकड्यांतही दिसतात. महाराष्ट्रातल्या आश्रमशाळांतील मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंखे समितीच्या अहवालातून २०१६ साली हे समोर आले, की सुमारे पंधरा वर्षांत राज्यातल्या आश्रमशाळांतील एक हजाराहून अधिक मुले मरण पावली. ताप, सर्पदंश, बुडणे, अपघात अशी कारणे त्यात होती, आणि अनेक मृत्यूंचे तर कारणच नीट नोंदलेले नव्हते. नवोदय विद्यालयांची सुरुवात ज्या दोन ठिकाणी १९८५-८६ मध्ये झाली त्यांतले एक आपले अमरावती होते. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी निघालेल्या, निकालांत नेहमी पुढे असणाऱ्या ह्या विद्यालयांत २०१३ ते २०१७ ह्या पाच वर्षांत देशभरात ४९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचे माहितीच्या अधिकारातून बाहेर आले आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्याची दखल घेतली. हे आकडे वाचताना मी नेहमी त्यांच्या शेजारी दुसरा एक, कोणीही न मोजलेला आकडा ठेवून पाहतो. त्या प्रत्येक मुलाच्या बाजूच्या अंथरुणावर कोणी तरी झोपत होते. त्या मुलाचे किंवा मुलीचे पुढे काय झाले, तिला दुसऱ्या दिवशी कोणत्या खोलीत झोपवले, वार्षिक परीक्षा तिने कशी दिली, ह्याची नोंद कोणत्याही अहवालात मला आढळलेली नाही.

कायद्याने ह्या बाबतीत आपल्या चौकशी-अधिकाऱ्यांपेक्षा अधिक समजूतदारपणा दाखवला आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात, म्हणजे पोक्सोत, अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्याला कलम २१ मध्ये शिक्षा सांगितली आहे. परंतु त्याच कलमात पुढे स्पष्ट म्हटले आहे, की ही शिक्षा बालकाला लागू होणार नाही. सर्वांत भयंकर गोष्ट ठाऊक असूनही मूल गप्प राहिले तरी त्या मौनाचा दोष त्याच्यावर ठेवता येत नाही, हे संसदेने मान्य केले. कारण उघड आहे. मौनाचा दोष त्याच्यावर येतो ज्याच्या हातात बोलण्याचे आणि बोलल्यावर काही घडवून आणण्याचे सामर्थ्य असते. हेच तत्त्व तापाला, पळून जाण्याला, जीव नकोसा झाल्याच्या बोलण्याला का लागू नसावे, ह्याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की मुलांनी एकमेकांकडे लक्ष ठेवावे, काही वावगे दिसले तर सांगावे, हे शिकवणेच चुकीचे आहे का? अजिबात नाही. मी माझ्या वर्गात ते शिकवतो. मात्र शिकवताना मी मुलांना हेही सांगतो की तुम्ही सांगितलेत तर फार चांगले, आणि तुम्हाला सांगता आले नाही तर शोधून काढणे हे माझे काम आहे. हा दुसरा भाग जिथे गाळला जातो तिथे पहिला भाग मुलाला पहारेकरी करतो. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो माझ्याच एका जवळच्या सहकाऱ्याने घेतला होता : अपराधाची भावना काढून टाकली तर माणसाजवळ विवेक तरी काय उरेल? ह्या आक्षेपाचा मी बराच विचार केला आहे. माझ्या मनातली टोचणी कोणी पूर्ण पुसून टाकावी असे मलाही वाटत नाही. तिच्यात माझा मित्र आहे, आणि ती गेली तर त्याची आठवण ठेवणारे जगात फार थोडे उरतील. मला हवे आहे ते तिचे माप नीट लावले जाणे. बारा वर्षांच्या मुलाने मित्राचा शब्द पाळला, दार ठोठावायला गेला आणि दमून झोपला, एवढ्याचे जे काही दुःख असेल ते मी आनंदाने बाळगीन. पण कुलूपबंद खोलीचे, न पाहता घेतलेल्या हजेरीचे, आजारी मुलासाठी शाळेत एकही खाट नसण्याचे दुःखही माझ्याच खात्यावर लिहिले गेले, आणि ते माझे नव्हते.

कॅनडात मूळनिवासी मुलांच्या निवासी शाळांविषयी नेमलेल्या सत्य व समेट आयोगाने २०१५ साली आपले काम संपवले, त्यापूर्वी त्याने सहा हजारांहून अधिक लोकांची निवेदने ऐकली होती. त्या शाळा मुलांची भाषा आणि ओळख पुसण्यासाठीच काढल्या गेल्या होत्या; आपल्या आश्रमशाळांचा हेतू तसा नव्हता, आणि दोन्हींना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे म्हातारी झालेली माणसे सभेत उभी राहून सांगत होती, की माझ्या धाकट्या भावाला मी वाचवू शकलो नाही, आणि ते ऐकायला राज्यसंस्थेने नेमलेली माणसे समोर बसली होती. आपल्याकडे आश्रमशाळांवरच्या समित्या इमारती पाहतात, शौचालये मोजतात, कागद तपासतात. ही सगळी कामे आवश्यक आहेत. पण ह्या शाळांत वाढून मोठ्या झालेल्या माणसांना बोलावून, तुमच्या काळी काय घडले आणि ते तुम्ही कसे वाहिले, असे विचारणारी एकही सुनावणी झाल्याचे मी पाहिलेले नाही. ती व्हायला हवी, आणि ती पावरी, भिली, कोरकू, वारली, गोंडी अशा बोलणाऱ्यांच्या भाषांत व्हायला हवी.

निवासी शाळा बंद कराव्यात, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. पाड्यावर शाळा नसताना त्या आश्रमशाळेने मला शिकवले, आणि तिच्याशिवाय आज हे लिहिणारा हात उसाच्या फडात असता. शिवाय अशा शाळा वाढतच आहेत. निम्म्याहून अधिक आदिवासी लोकसंख्या आणि किमान वीस हजार आदिवासी असलेल्या प्रत्येक तालुक्यात एक एकलव्य निवासी शाळा काढण्याचे केंद्राने २०१८ साली जाहीर केले, आणि अशा एका शाळेची क्षमता ४८० मुलांची धरलेली आहे. त्यामुळे सुधारणेचा प्रश्न टाळता येणार नाही. विशाखापट्टणममध्ये वसतिगृहात राहून प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले. हे पाऊल मोलाचे आहे, परंतु तालुक्याहून महिन्यातून एकदा येणाऱ्या, मुलांची बोली न जाणणाऱ्या समुपदेशकाने ते पुरे झाले असे मानले तर काही बदलणार नाही. त्याआधीच्या साध्या गोष्टी झाल्या पाहिजेत. हजेरी आकड्यावर न घेता चेहरा पाहून घेतली जावी. आजारी मुलाला शाळेतच ठेवून घेणारी खोली आणि तिथे रात्री जागणारा माणूस असावा. कोणाचे पालक कोणत्या महिन्यात स्थलांतराला गेले आहेत आणि मुकादमामार्फत त्यांच्याशी संपर्क कसा होईल, ह्याची वही असावी, म्हणजे बंद घराच्या भीतीने कोणाला ताप लपवावा लागणार नाही.

आणि मूल दगावलेच तर चौकशीत त्याच्या मित्राला बोलावताना त्याच्या भाषेतले, त्याच्या विश्वासाचे एक मोठे माणूस शेजारी बसलेले असावे. त्याला काय दिसले ते अवश्य विचारावे, पण त्याने का सांगितले नाही हा प्रश्न विचारू नये. आणि मुलाच्या मौनावर कोणत्याही चौकशीचा निष्कर्ष उभा करता येणार नाही, असा नियम शासनाने लेखी करावा. त्या वर्गाची पुढचे निदान एक वर्ष कोणी तरी नीट विचारपूस करावी. आमच्या वर्गात दुसऱ्या दिवशी गणिताचा तास नेहमीप्रमाणे झाला होता.

मित्राचे वडील गुजरातेतून चार दिवसांनी पोचले. तोवर सगळे होऊन गेले होते. त्यांनी मला एवढेच विचारले, की रात्री तो एकटा होता का. मी म्हणालो, नाही, मी जवळ होतो. नोकरी लागल्यावर काही वर्षांनी मी त्यांच्याकडे गेलो आणि मला झोप लागली होती हे त्यांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, मी तर बारडोलीत होतो. मदतीच्या रकमेसाठी त्या वेळी मिळालेले कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून ते त्यांनी माझ्यासमोर ठेवले. चौकशीच्या अहवालाची प्रत त्यांत होती. तिच्यात लिहिले होते, की मयत विद्यार्थ्याच्या आजाराची त्याच्या मित्रास कल्पना होती, परंतु त्याने ती कोणास दिली नाही. तसेच पालक स्थलांतरित असल्याने त्यांच्याशी संपर्क होऊ शकला नाही. सबब शाळा प्रशासनाचा निष्काळजीपणा आढळून येत नाही. खाली माझी सही होती, सातवीतल्या अक्षरात, शिरोरेघ थोडी वर चढलेली. काय लिहिले आहे, असे त्यांनी विचारले, आणि पहिल्यांदा वाचताना मी मधले वाक्य वगळले. मग थांबलो आणि सगळे पुन्हा, पहिल्यापासून, त्यांना पावरीत सांगितले.